'द लास्ट एम्परर' घरी बघायचा असेल तर

हा सिनेमा लावण्याआधी घरातली शाळेची पट्टी शोधून ठेवा, तीस सेंटिमीटरची. ती कशाला, ते सांगते.

मी सोलापूरला मुलींच्या शाळेत एकतीस वर्षं इतिहास शिकवला. निवृत्त झाल्यापासून महिन्यातल्या एका रविवारी आमच्या पुढच्या खोलीत आठ-दहा जण जमतात आणि आम्ही एखादा ऐतिहासिक सिनेमा बघतो. बेर्नार्दो बेर्तोलुची यांचा १९८७ सालचा 'द लास्ट एम्परर' मी आतापर्यंत चार वेळा लावलाय. पहिल्या वेळी निम्मी मंडळी मध्येच उठून गेली. चौथ्या वेळी नावं संपून पडदा काळा झाला तरी कुणी जागचं हललं नाही. सिनेमा तोच, माणसंही बहुतेक तीच. लावायची पद्धत तेवढी बदलली होती.

चीनच्या छिंग घराण्याचा शेवटचा सम्राट पुयी, त्याची ही गोष्ट. तीन वर्षांचाही नव्हता तेव्हा गादीवर बसवला, सहा वर्षांचा असताना राज्य गेलं, आणि शेवटची वर्षं पेइचिंगमध्ये साधा नागरिक म्हणून काढली, काही काळ वनस्पती उद्यानात माळीकाम करत. १९८६मध्ये चित्रीकरण झालं ते खऱ्याखुऱ्या निषिद्ध नगरीत, म्हणजे सम्राटांच्या पेइचिंगमधल्या राजवाड्यात. पाश्चात्त्य कथापटाला तिथे आत जाऊन चित्रीकरण करायची परवानगी मिळाली ती पहिल्यांदाच. सगळ्या चित्रीकरणात मिळून सुमारे १९,००० माणसं गर्दीसाठी उभी केली होती. ऑस्करची नऊ नामांकनं होती आणि १९८८च्या एप्रिलमध्ये नऊच्या नऊ मिळाली. हे आकडे पाठ नसले तरी चालेल. पण एवढं अंगण आणि एवढी माणसं मावावीत म्हणून ती चौकट रुंद ठेवलेली आहे, हे ध्यानात ठेवा. आता पट्टीकडे येते.

चित्रगृहात हा सिनेमा २.३५ : १ या प्रमाणात दाखवला गेला, म्हणजे उंची एक तर रुंदी सव्वादोनच्याही वर. आपला टीव्ही १६ : ९. त्यामुळे चित्राच्या वर आणि खाली काळ्या पट्ट्या येणारच. आमच्याकडे ४३ इंची टीव्ही आहे, पडदा साधारण ९५ सेंटिमीटर रुंद आणि साडेत्रेपन्न उंच. त्यावर पूर्ण रुंद चित्र आलं तर वरची पट्टी साडेसहा सेंटिमीटर भरते, खालचीही तेवढीच. हीच पट्टी तीन सेंटिमीटर भरली, तर तुमच्या हातात २ : १ची आवृत्ती आहे. आणि काळी पट्टी मुळीच दिसत नसेल, तर टीव्हीने चित्र ओढून मोठं केलंय आणि दोन्ही बाजू मिळून जवळजवळ एक चतुर्थांश सिनेमा पडद्याबाहेर गेलाय. पहिल्या वेळी माझ्याकडून हेच झालं. रिमोटवर 'झूम' दाबलेलं राहिलं होतं. "काळ्या पट्ट्या नकोत, चित्र मोठं दिसू दे" असं घरातलं कुणीतरी म्हणणारच. त्यांना आधीच समजावून सांगा. चित्राचा आकार 'ओरिजिनल' किंवा '१६ : ९' ठेवा आणि मग पट्टी लावून बघा.

आता २ : १ची आवृत्ती मुळात आली कुठून? अमेरिकेत क्रायटेरियन या डिस्क काढणाऱ्या कंपनीने २००८मध्ये या सिनेमाचा चार डिस्कचा संच काढला, तो या प्रमाणात. ते छायालेखक व्हित्तोरिओ स्तोरारो यांच्या इच्छेनेच झालं. चित्रगृह आणि दूरचित्रवाणी दोन्हींना चालेल असं २ : १ हे एकच प्रमाण असावं, असा त्यांचा आग्रह होता. ज्याने सिनेमा टिपला त्याचंच हे म्हणणं, तेव्हा ते हलक्यावारी घेऊ नये. तरीही मला ते पटत नाही. मूळ रुंदीतला साधारण १५ टक्के भाग त्यात जातो. राज्यारोहणाच्या प्रसंगात तीन वर्षांचं पोर पिवळ्या पडद्याखालून बाहेर येतं आणि समोर हजारो माणसं एकदम जमिनीला कपाळ टेकवतात. त्या प्रसंगात कडेची माणसं महत्त्वाची आहेत. ती कुठे संपतात हे दिसत नाही म्हणून पोर एवढंसं वाटतं. दोन्ही कडा कापल्या की त्या गर्दीला शेवट येतो. म्हणून निवड करता येत असेल तर खोक्यावर २.३५ लिहिलेली प्रतच घ्या. २.०० असलीच हातात, तरी बघा जरूर, संच फार मेहनतीने केलेला आहे. बेर्तोलुची, निर्माते जेरेमी थॉमस, पटकथाकार मार्क पेप्लो आणि संगीतकार र्युइची साकामोतो यांचं समालोचन त्यात आहे. ते दुसऱ्या वेळी ऐकावं.

लांबीबद्दल. चित्रगृहातली आवृत्ती सुमारे १६३ मिनिटांची, टीव्हीसाठी केलेली २१८ मिनिटांची. मोठी म्हणजे दिग्दर्शकाच्या मनातली, असा आपला समज असतो. इथे तसं नाही. बेर्तोलुची यांचा सिनेमा म्हणजे चित्रगृहातला. लांब आवृत्ती भागांमध्ये दाखवण्यासाठी बनली. मी दोन्ही बघितल्या. लांब आवृत्तीत तुरुंगातली माणसं जास्त ओळखीची होतात, ते मला आवडलं. पण पहिल्यांदा बघणाऱ्याला ती लावू नका.

युरोपातून आलेली जुनी डीव्हीडी असेल आणि तिच्यावर १५६ मिनिटं लिहिलेली असतील, तर काही कापलंय असं समजू नका. पाल पद्धतीच्या डीव्हीडीत सेकंदाला २४ऐवजी २५ चित्रं धावतात, म्हणून सिनेमा सहा-सात मिनिटं लवकर संपतो. संगीताचा सूरही किंचित चढा लागतो. माझ्या भाच्याचा गळा तयार आहे, त्याला तो फरक लगेच कळला.

परदेशातल्या नातेवाइकांकडून डिस्क मागवणार असाल तर प्रदेश-क्रमांक विचारून घ्या. भारत डीव्हीडीसाठी पाचव्या प्रदेशात आणि ब्लू-रेसाठी 'सी' प्रदेशात येतो. अमेरिकेची ब्लू-रे 'ए', इंग्लंडची 'बी'. प्लेअर सगळे प्रदेश वाचणारा नसेल तर डिस्क आत जाते, फिरते आणि पडद्यावर नकाराची पाटी येते. एका दुकानातून ऑनलाइन मागवलेली एक डिस्क माझी अशीच वाया गेली. पानावर प्रदेशाचा उल्लेखच नव्हता आणि परत घ्यायला ते तयार झाले नाहीत. फोर-के डिस्कला प्रदेशाचं कुलूप नसतं, मात्र तिला फोर-के प्लेअरच लागतो. घेताना दुकानदाराला तीनच प्रश्न विचारा: प्रदेश कोणता, मिनिटं किती, प्रमाण काय.

टीव्हीचं चित्र 'सिनेमा' किंवा 'मूव्ही' या मोडवर ठेवा. 'व्हिविड' नको. हे मी हट्टाने सांगते, कारण स्तोरारो यांनी इथे रंगांनीच गोष्ट सांगितली आहे. सुरुवात १९५०ची. युद्धकैद्यांची गाडी स्टेशनात थांबते, सगळं राखाडी आणि थंडगार. मग रक्ताचा लाल रंग येतो आणि त्या लालातून आपण १९०८च्या रात्रीत, मशालींच्या उजेडात जातो. पुढे सम्राटाचा पिवळा. इंग्रजी शिकवायला रेजिनाल्ड जॉन्स्टन येतात तेव्हा हिरवा शिरतो. 'व्हिविड'मध्ये तुरुंगसुद्धा सणासारखा दिसायला लागतो आणि या चढणीचा पत्ताच लागत नाही. त्याच यादीत हालचाल गुळगुळीत करणारी एक सोय असते, प्रत्येक कंपनीचं तिचं नाव वेगळं. ती पूर्ण बंद करा. नाहीतर राजवाडा टीव्ही मालिकेच्या सेटसारखा दिसतो.

खोलीत अंधार हवा, नुसते पडदे ओढून भागत नाही. आमच्याकडे खिडक्यांवर सोलापुरी चादरी लावतात. विणीतून उजेडाचा कण येत नाही आणि रस्त्यावरचा आवाजही बराच अडतो. वरच्या दांडीवर दुहेरी टाकून चिमटे लावा. टीव्हीपासून दोन मीटरच्या आत बसा. काळ्या पट्ट्यांमुळे चित्राची उंची कमी झालेली असते, ती जवळ बसून भरून काढायची. वयस्कर माणसांना खुर्च्या मागे आणि पोरांना सतरंजी पुढे, अशी आपली रीत आहे. या सिनेमाला मी ती उलटवते. आजींची खुर्ची सगळ्यांत पुढे, कारण सबटायटल वाचायची त्यांनाच असतात.

सबटायटल लागतातच. सिनेमातली चिनी माणसं बहुतेक वेळ इंग्रजीच बोलतात, पण प्रत्येकाचा उच्चार वेगळा.

आता मुख्य तयारी. गोष्ट सरळ रेषेत चालत नाही. तुरुंगातला मध्यमवयीन पुयी आणि राजवाड्यातला छोटा पुयी आळीपाळीने येतात. पहिल्या वेळी मंडळी उठून गेली त्याचं दुसरं कारण हे. आता मी एका पुठ्ठ्यावर जाड स्केचपेनने साली लिहून टीव्हीशेजारी टेकवून ठेवते आणि सिनेमाआधी पाच मिनिटं बोलते, वर्गात बोलायची तशीच.

१९०८ : डिसेंबरात पुयी गादीवर. आधीचा सम्राट आणि सगळी सूत्रं हाती ठेवणारी राजमाता त्सशी, दोघं नोव्हेंबरात एका दिवसाच्या अंतराने गेलेली. १९१२ : १२ फेब्रुवारीला राज्यत्याग. इथे थांबून नीट सांगावं लागतं, कारण सिनेमाचा गाभाच तो आहे. राज्य गेलं, प्रजासत्ताक आलं, पण करार असा झाला की सम्राटाने पदवी ठेवावी आणि राजवाड्याच्या आतल्या भागात राहावं. म्हणजे भिंतीच्या आत सम्राट आणि भिंतीबाहेर कुणीच नाही. आत खोजे त्याला लोटांगण घालतायत आणि बाहेर दुसऱ्याचं राज्य चाललंय, अशी बारा वर्षं. १९१९ : जॉन्स्टन येतात. १९२२ : लग्न, पट्टराणी वानरोंग आणि दुसरी वेनश्यू. १९२४ : ५ नोव्हेंबरला सेनापती फंग युश्यांगच्या फौजा त्याला बाहेर काढतात. मग त्यानचिन शहर. १९३१ : सप्टेंबरात जपानी फौजा चीनच्या ईशान्येकडच्या मांचुरियात घुसतात. १९३२ : तिथे जपानने उभं केलेलं मांचुकुओ हे राज्य, पुयी त्याचा नावाचा प्रमुख, १९३४मध्ये नावाचा सम्राट. १९४५ : सोव्हिएत फौजांच्या कैदेत. १९५० : चीनच्या ताब्यात, फूशुनचा तुरुंग. १९५९ : सुटका. १९६७ : मृत्यू.

एवढं पुठ्ठ्यावर असलं की गोष्ट कुठेही उडी मारू दे, माणसं हरवत नाहीत. शेजारच्या आजी तर मध्येमध्ये बोटाने साल दाखवतात.

सोलापूरकरांसाठी त्या पुठ्ठ्यावर मी एक ओळ वेगळ्या रंगात लिहिते. १९३८ : डॉ. द्वारकानाथ कोटणीस चीनला. जपानशी लढणाऱ्या चिनी सैनिकांवर उपचार करायला भारतातून पाच डॉक्टर गेले, त्यातले एक आपल्या गावचे. १९४२मध्ये ते तिथेच वारले. पुयी मांचुकुओच्या सिंहासनावर बसलेला असताना त्याच जपानी फौजांशी लढून जखमी झालेल्यांच्या शस्त्रक्रिया आपला माणूस करत होता. कोटणीसांचं स्मारक आमच्या रोजच्या वाटेवर आहे. ही ओळ सांगितली की खोलीतली माणसं सिनेमाचा उत्तरार्ध निराळ्या नजरेने बघतात. मी स्वतःही तशीच बघते.

मध्यंतर घ्या, आणि ते योग्य जागी घ्या. साधारण दीड तासाने टेनिसचा खेळ चाललेला असतो आणि चारी बाजूंनी सैनिक येतात. तासाभरात राजवाडा सोडायचा हुकूम होतो. पुयी निषिद्ध नगरीच्या दाराबाहेर पडला की थांबवा. त्याआधी थांबवलं तर कोंडमारा तुटतो, नंतर थांबवलं तर त्यानचिनच्या नाचगाण्यातून उठून जावं लागतं. चहा पंधरा मिनिटांत उरका आणि दिवे पूर्ण लावू नका. त्या वेळात मी एकच प्रश्न टाकते: आतापर्यंत दार किती वेळा बंद झालं? दाई नेली जाते तेव्हा पोर तिच्यामागे धावतं. आई गेल्याची बातमी येते तेव्हा तो सायकलवरून दरवाजापर्यंत जातो, दरवाजा त्याच्यासमोर मिटतो आणि खिशातला लाडका उंदीर तो त्या फळ्यांवर फेकून मारतो. खऱ्या पुयीनेही सायकल चालवता यावी म्हणून राजवाड्यातले पिढ्यान्‌पिढ्यांचे उंबरे कापून टाकले होते. आतले उंबरे त्याला कापता आले, बाहेरचं दार त्याच्या हातात नव्हतं. उत्तरार्धात मांचुकुओमध्येही एक दार मिटतं. ते कधी, हे मी सांगत नाही. मंडळी ते आपणहून हेरतात आणि खोलीत "अरेरे" उमटतं.

घरात लहान मुलं असतील तर आधीच ठरवा. सुरुवातीलाच मनगट कापून घेण्याचा प्रयत्न आहे. नंतर अफू आहे, नवजात बाळाचा मृत्यू आहे आणि युद्धातल्या अत्याचारांची खरी दृश्यं आहेत. जपानमध्ये वितरकांनी जपानी फौजांनी चीनमध्ये केलेल्या नानचिंगच्या कत्तलीची दृश्यं परस्पर काढून टाकली होती, बेर्तोलुची यांनी निषेध केल्यावर ती पुन्हा घातली गेली. म्हणून माझ्याकडे कुणी "तेवढं पुढे ढकला" म्हटलं तरी मी ढकलत नाही. बारा वर्षांखालच्यांना त्या दिवशी बोलावतच नाही.

इतिहासाची शिक्षिका म्हणून सिनेमा संपल्यावर दोन दुरुस्त्या मी करतेच. आमाकासू हा जपानी अधिकारी सिनेमात एका हाताचा दाखवलाय आणि तो स्वतःवर गोळी झाडतो. खऱ्या आमाकासूचे दोन्ही हात शाबूत होते आणि १९४५च्या ऑगस्टमध्ये त्याने सायनाइड घेतलं. ही भूमिका साकामोतो यांनीच केली आहे. पटकथेत आधी हाराकिरी होती, त्यांनी हरकत घेतली म्हणून ती बदलली. दुसरी दुरुस्ती वानरोंगची. युद्धानंतर तिचं काय झालं ते सिनेमा पुरतं सांगत नाही. ती कैदेत पडली आणि अफूवाचून तडफडत १९४६मध्ये तिथेच गेली. चाळिशीही गाठली नव्हती. हे सांगताना माझा आवाज दर वेळी अडखळतो, आणि तरी सांगते, कारण पुयीला निदान माळी होऊन मोकळ्या हवेत चालायला मिळालं.

आवाजाचं थोडक्यात: टीव्हीचे स्पीकर पातळ असतात. साधा साउंडबार असला तरी पुरतो. साकामोतो, डेव्हिड बर्न आणि सू त्सुंग या तिघांचं संगीत आहे, तिघांनाही ऑस्कर मिळालं. आवाज एकदा ठरवायचा तो राज्यारोहणाच्या प्रसंगावर. हजारो माणसांच्या मधून एका रातकिड्याचा आवाज येतो. तो शेवटच्या खुर्चीपर्यंत पोचला की झालं, मग रिमोट खाली ठेवा. हा रातकिडा हुकला तर सिनेमाची शेवटची पाच मिनिटं अर्धवट कळतात, म्हणून सिनेमाच्या आदल्या रात्री मी एकटी बसून एवढा प्रसंग लावून आवाज जुळवून ठेवते.

संपल्यावर दिवा लगेच लावू नका, नावं पूर्ण जाऊ द्या. आणि डिस्क काढायची घाई करू नका. गेल्या खेपेला आजींनी हात वर केला आणि म्हणाल्या, "बाई, तो पडदा परत दाखवा." मी मागे नेलं. पिवळा पडदा वाऱ्याने फुगलेला, त्याच्यापुढे तो एवढासा पोरगा आणि समोर कपाळ टेकलेली सगळी माणसं. या वेळी कुणी पुठ्ठ्याकडे बघत नव्हतं. चादरी खिडकीवर तशाच होत्या. तो प्रसंग आम्ही आणखी एकदा बघितला आणि मग चहाचं आधण ठेवलं.